विहिरीतल्या वहिनीचा चिकित्सक अभ्यास

नयना खरमाटेच्या प्रबंधातून मी ‘भीती’ हा शब्द काढला, त्या दिवशी तिची सावली गेली. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. टेबलाची सावली होती, खुर्चीची होती, तिची नव्हती. तिने खाली पाहिलं आणि म्हणाली, “बरं सर, दुरुस्ती करून पुढच्या आठवड्यात आणते.”

विषय तिनेच निवडला होता. ‘विहिरीतली वहिनी’ या चित्रपटमालिकेचा चिकित्सक अभ्यास. नऊ भाग आहेत. प्रत्येक भागात वहिनी विहिरीतून वर येते आणि एकेका दिराला आत ओढते. सहाव्या भागात कुटुंब दुबईला जातं. तिथे विहीर नाही, म्हणून ती पोहण्याच्या तलावातून वर येते, आणि यावर लोक शिट्ट्या मारतात. मी यातला एकही भाग पाहिलेला नाही. उकिरडा आहे हे सांगायला त्यात उतरावं लागत नाही. मालिकेवरचे त्रेसष्ट शोधनिबंध मात्र मी वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांनी तरी ती पाहिली असेल असं मला वाटत नाही.

नयनाने सगळे भाग पाहिले होते, ही तिची मोठी अडचण होती. पहिले तीन तर तासगावच्या व्हिडिओ सेंटरमध्ये, आईच्या मांडीवर बसून. प्रबंधात जागोजागी ही आई यायची. ‘तिसऱ्या भागात मी किंचाळले. आईने पदराने माझे डोळे झाकले. पदर विरलेला होता, त्यातून सगळं दिसत होतं.’ मी समासात लाल पेनाने लिहिलं, संदर्भ?

“संदर्भ आई आहे सर,” ती म्हणाली.

“प्रकाशित आहे का?”

“नाही सर. वारली ती.”

मी काट मारली. नयनाचं वजन गेलं. आमच्या विभागातल्या खुर्च्या कुणीही बसलं तरी कुरकुरतात. त्यानंतर ती बसली की खुर्ची गप्प राहायची.

चौथ्या प्रकरणात ‘आम्ही सगळ्या बायका ओरडलो’ असं होतं. त्याचं मी ‘प्रेक्षकवर्गाचा प्रतिसाद’ केलं आणि तिचा चेहरा गेला. मला ते सोयीचंच झालं. समोरच्याचं तोंड पडलंय की काय हे बघत बसायची कटकट संपली. पाचव्या वर्षाच्या शेवटी प्रबंध स्वच्छ झाला. नयनाचे मनगटापर्यंतचे दोन हात आणि आवाज एवढंच उरलं होतं. हे उरलं ते ऋणनिर्देशाच्या पानामुळे. आमच्याकडे त्या पानाला मार्गदर्शक पेन लावत नाहीत, कारण पहिलं नाव त्यांचंच असतं.

तोंडी परीक्षेला डॉ. घुगरे आले. परगावचे परीक्षक आधी ग्रंथसूची उघडतात आणि स्वतःचं नाव शोधतात. घुगरेंना ते चार वेळा सापडलं. ते खुशीत आले. बाबर शिपाई चहा घेऊन आला आणि घुटमळला.

“मॅडमचा कुठं ठेवू?”

“हातांजवळ ठेवा,” मी म्हणालो.

घुगरेंनी मग पानं चाळली. दोनशे ऐंशी पानांत त्यांना एकही चूक मिळाली नाही, आणि एकही चूक न काढता सही करणं हा परीक्षकाचा अपमान असतो. ते ऋणनिर्देशावर थांबले. तिथे दोनच ओळी होत्या. पहिलीत माझे आभार होते. दुसरीत लिहिलं होतं, ‘आई जवळ होती म्हणून मला घाबरता आलं.’

“एक ओळ कमी करा,” घुगरे म्हणाले. “मग सही करतो.”

नयनाच्या हातांनी टेबलाची कड धरली.

“सर, पदवी नको मला. तेवढी ओळ राहू द्या की.”

मला भीती वाटली. उगाच शब्द फिरवत नाही, भीतीच. ही ओळ गेली की हात जाणार, आवाज जाणार, आणि ‘दुरुस्ती करून आणते’ म्हणायलाही कुणी उरणार नाही, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. पाच वर्षं मी ते पेन चालवत होतो.

घुगरेंनी कुठली ओळ ते सांगितलं नव्हतं. मी पहिली खोडली. ‘गुरुवर्य डॉ. श्रीरंग टिपरे यांचे अमूल्य मार्गदर्शन’, सगळंच.

“सर!” नयना म्हणाली.

आधी माझी बोटं गेली, मग मनगट, मग बाही कोपरापासून रिकामी लोंबू लागली. दुखलं नाही. घुगरे चष्मा पुसत होते.

“छान,” ते म्हणाले. “आता खालची.”

मी नाही म्हणालो. ते कुणाला ऐकू गेलं असं वाटत नाही. पेन खाली पडलं नव्हतं. कुणीही धरलेलं नसताना ते कागदावर उभं होतं, आणि दुसऱ्या ओळीच्या पहिल्या शब्दाकडे सरकत होतं. नयनाने दोन्ही तळहात त्या ओळीवर पालथे दाबून धरले. पेन थांबलं नाही. तिच्या बोटांवरून ते सरळ लाल रेघ मारत निघालं.