जवळजवळ तोच निळा

कॉलर जोडणारीने चुकीच्या निळ्या दोऱ्याने शिलाई केली आणि शर्टांचा अख्खा लॉट परत आला.

कारखान्याची रीत अशी, की जिचा दोरा संपेल तिने स्वतः उठून स्टोअरमधून नवं रीळ आणायचं. मागच्या महिन्यात ती तशीच गेली होती. स्टोअरवाल्याने दार लावून घेतलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली. बाहेर मशिनांचा आवाज एवढा, की तिचं ओरडणं तिलाही धड ऐकू आलं नाही. ती रीळ घेऊन परत आली आणि सुटी होईपर्यंत कॉलरी जोडत राहिली.

त्यानंतर ती स्टोअरकडे फिरकली नाही. शेजारणींच्या रिळांवर उरलेला दोरा मागून घ्यायची. ट्यूबलाइटखाली सगळे निळे सारखेच दिसत. उन्हात शर्ट नेल्यावर शिलाई वेगळी उठून दिसली.

"डोळे घरी ठेवून येतेस का गं?" लाइन सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या. "सगळ्यांचा बोनस बुडवलास. स्टोअर काय परदेशात आहे?"

"पाय दुखत होते, ताई."

"महाराणींसाठी लिफ्ट बसवा!" काजं करणारी म्हणाली. ती आणि कॉलर जोडणारी रोज एकाच डब्यात जेवायच्या. लाइन हसली.

"उद्यापासून दोरा स्वतः आण," ताई म्हणाल्या, "नाहीतर धागे कापायला बस."

धागे कापणाऱ्यांना निम्मी मजुरी. दुसऱ्या दिवशी ती कात्री घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. डबाही तिथेच एकटीने खाऊ लागली.

"वेगळ्या टेबलावर? बढती का गं?" आईने विचारलं.

"तसंच काहीसं."

बस सोडून ती चालत घरी येऊ लागली. म्हणाली, वजन वाढलंय.

"कुणाचं? हाडांचं?" आई हसली. तीही हसली.

कॉलरच्या मशीनवर नवी पोरगी आली. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. तिचा दोरा संपला तशी ती गुणगुणत उठली.

"एकटी जाऊ नकोस," कोपऱ्यातून आवाज आला.

"का? भूत आहे का तिथे?"

"बस गं तू," ताई कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या. "टेबल सोडलंस तर आजचा खाडा लावीन."

तिने कात्री खाली ठेवली. मशिनांच्या रांगेतून चालत ती पोरीच्या समोर येऊन उभी राहिली. आवाज मशिनांच्या वर जावा म्हणून तिला ओरडावं लागलं.

"स्टोअरवाल्याने मला आत कोंडून माझ्यावर जबरदस्ती केली. म्हणून मी जात नव्हते."

पोरगी परत आपल्या स्टुलावर बसली. आजूबाजूची मशिनं थांबली. काजं करणारीने उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं, मग पुढ्यातल्या शर्टांच्या ढिगाकडे. मान खाली घालून तिने मशीनचं पेडल दाबलं. मग तिच्या पलीकडचीने. एकेक करत सगळी लाइन सुरू झाली, आणि ती मधोमध उभीच राहिली.