गाढवाच्या जोडीला कोंबडी

पैज लागली दलेन्दा मावशीच्या दारात, आणि लागली ती झोपेवरून. कोंबडी मागाहून आली.

वसंताचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्या समुद्रकाठच्या नाबल गावात कुणी धड जागं नसतं. घराघरात चादरींवर नारिंगाची पांढरी फुलं पसरलेली असतात. तांब्याच्या भांड्यात वाफ चढते आणि नळीतून फुलांचं पाणी थेंब थेंब बाटलीत उतरतं. गल्लीत वास असा भरून राहतो की मांजरं भिंतीवरून चालता चालता मध्येच बसून घेतात, कुठे निघालो होतो ते विसरून. आम्ही कॉफीत फूलपाणी टाकतो, पोराचं पोट दुखलं की फूलपाणी, नवरीच्या हातावर फूलपाणी, मयताच्या घरीही फूलपाणी.

तर अशा त्या गुंगीत सी शादली वर्तमानपत्र फडकावत आले. सी शादली, म्हणजे तुमच्याकडचे शादलीराव, आमचे निवृत्त रेफरी. मैदान सुटलं, केस गेले, बायको गेली, पण गळ्यातली शिट्टी गेली नाही. ती त्यांनी फुंकली, आणि मावशीच्या हातातली चाळणी खाली पडली.

"गोल!"

"मेल्या, माझी फुलं!" मावशी ओरडली. "कसला गोल?"

"तुझ्या डॉक्टर भाचीचा! इनासचा अभ्यास छापून आलाय. अर्ध्या माणसांना फूलपाणी दिलं, अर्ध्यांना नुसत्या वासाचं पाणी. फूलपाणीवाल्यांचं बीपी उतरलं. आणि हा बघ आकडा. शून्य पूर्णांक शून्य चार. शास्त्रज्ञ लोकांनी रेषा आखलीय पाचावर. चार म्हणजे रेषेच्या आत. आणि चेंडू रेषेच्या आत गेला की काय होतं, ख्मैस?"

ख्मैस म्हणजे मी. कुंभार. गाडगी, कप, थाळ्या रंगवतो.

"गोलकीपर शिव्या घालतो," मी म्हणालो.

"गोल होतो, बावळटा! अर्धा गोल नसतो, पाव गोल नसतो." असं म्हणून त्यांनी खिशातून बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि उकळून फेकलेल्या फुलांच्या ढिगावर टाकलं. "आजपासून गोळीची सुट्टी. मी आता मावशीच्या बाटलीवर."

मावशीने पाकीट गुपचूप उचललं, पुसलं आणि एप्रनच्या खिशात ठेवलं.

माझं मात्र हसू गेलं. मागच्या हिवाळ्यात सी शादली हमामच्या, गावच्या न्हाणीघराच्या, पायरीवर कोसळले होते. त्यांचं एक टोक मी उचललं होतं, दुसरं हमामवाल्याने. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, ही गोळी चुकली तर पुढच्या वेळी डोक्यातली नसच फुटेल. आणि सी शादली गेले, तर रमजानात माझ्यासोबत पत्ते खेळताना चिडणार कोण? दुसऱ्या कुणाच्या चिडण्यात तेवढी मजा नाही.

पण त्यांना सरळ समजावणं म्हणजे रेफरीला निर्णय बदलायला सांगणं. म्हणून मी डिवचलं. "तुम्हाला फूलपाणी आणि नळाचं पाणी यातला फरक तरी कळतो का हो?"

"चाखायचीही गरज नाही. पिऊन दुपारी आडवा झालो की कळतं."

"कसं?"

त्यांनी शिट्टी बोटांत फिरवली. मग हळूच म्हणाले, "फूलपाणी प्यालो, की स्वप्नात मुनिरा येते. साध्या पाण्यावर नाही येत."

मुनिरा म्हणजे त्यांची गेलेली बायको. मावशीने चाळणी उचलायचं निमित्त करून मान खाली घातली. पण माझी जीभ थोडीच गप्प बसणार?

"लावा पैज. नाक बंद, डोळे बंद, प्या आणि झोपा. उठल्यावर सांगायचं, फूलपाणी की पाणी. चुकलात तर गोळी रोज, न कुरकुरता."

"आणि बरोबर ठरलो तर?"

"तर गोळीचं नाव मी पुन्हा कधी काढणार नाही."

"तेवढ्याने काय होतंय?" सी शादलींनी आजूबाजूला पाहिलं. मावशीची काणी कोंबडी फुलं टोचत होती. "हरणाऱ्याने शुक्रवारच्या बाजारात ही कोंबडी दोरीला बांधून फिरवायची. वेशीपासून कुंभारओळीच्या टोकापर्यंत. आणि कुणी विचारलं, तर म्हणायचं, ही आमच्या डॉक्टरीणबाई."

"मंजूर!"

संध्याकाळी इनास दवाखान्यातून आली आणि तिने कपाळाला हात लावला. "ख्मैस काका, तुम्ही वयाने वाढलात, बाकी काही नाही. आणि सी शादली काका, तुम्ही बातमी अर्धीच वाचलीत."

"आकडा वाचला की! चार."

"त्या चारचा अर्थ सांगू? समजा फूलपाणी काहीच करत नाही. तरीही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून चारेक वेळा दिसला असता. बस. फूलपाणी किती करतं, ते तो आकडा बोलतच नाही. ते खालच्या ओळीत आहे. वरचं बीपी सरासरी दोनाने उतरलं. दोनाने, काका! गोळीने तुमचं विसाने उतरत होतं."

"उतरलं ना पण? बाई, चेंडू किती जोरात गेला, ते फलकावर लिहीत नाहीत."

इनासने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. शेवटी तिने नियम घातले, कारण नाहीतर आम्ही आमचेच घातले असते. खेळ आठ दुपारींचा. रोज मावशी आत नाणं उडवणार, छाप पडला तर फूलपाणी, काटा पडला तर साधं पाणी, आणि ते तिच्याखेरीज कुणाला कळणार नाही. कप माझे, सगळे एका साच्याचे, एका रंगाचे. आठांपैकी निदान सात वेळा बरोबर सांगितलं, तरच सी शादली जिंकले. "अंदाजपंचे सांगणाऱ्यालाही सात जमतात, पण क्वचित. शंभरात तीन-चारांना," ती म्हणाली. मग बीपीचं मशीन माझ्या हातात देऊन तिने दम भरला, "रोज उठल्यावर मोजायचं. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे गेला, की खेळ बंद आणि थेट दवाखाना."

आता त्या दुपारींचं काय सांगू!

माझ्या भट्टीमागच्या ओसरीत चटई टाकलेली. सी शादली नाकाला कपड्यांचा चिमटा लावून बसायचे, एका घोटात कप रिकामा करायचे, वर पुदिन्याचं पान चावायचे आणि शिट्टी छातीवर ठेवून आडवे व्हायचे. पडवीत ऊन हळूहळू सरकायचं. ओल्या गाडग्यांच्या रांगा मंद चमकायच्या. मी शेजारी पहारा द्यायला बसायचो आणि पहारा देता देता माझेच डोळे मिटायचे. मग गाडगी उठून समुद्राकडे चालू लागायची, एकामागून एक, डुलत डुलत, आणि पाण्यात शिरली की त्यांची तोंडं उघडून आतून पांढरी फुलं वर यायची. मी हाका मारायचो, पण तोंडातून शिट्टीचा आवाज निघायचा.

ती खरीच शिट्टी असायची. सी शादली उठून बसलेले, चिमट्याने नाक लाल.

"फूलपाणी!"

"आली होती?"

"आली होती. मैदान समुद्राच्या तळाशी होतं रे. रेषा फुलांनी आखलेल्या. मासे इकडून तिकडे पळतायत, पण चेंडूच नाही. ती काठावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. म्हणाली, आंधळ्या, ऑफसाइड होता तो."

"होता?"

"होता." ते जरा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. "जन्मभर तिचं बरोबर असायचं."

दुसऱ्या एखाद्या दिवशी उठायचे आणि तोंड वाकडं करून सांगायचे, "पाणी. नगरपालिकेच्या रांगेत उभा होतो. माझा नंबर आला की खिडकी बंद."

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधायचो, मशीन फुगायचं, आणि आकडा मी भट्टीच्या भिंतीवर खडूने लिहायचो. आणि खरं सांगतो, हात फार शिवशिवायचे. कप बदलावा, कपात सिरका घालावा, निदान एखादा बेडूक तरी सोडावा. पण काही केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या गोष्टीचं खरं उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याच बाजूने यायला हवं होतं.

ते आलं नाही. आठव्या दिवशी मावशीने आपले सगळे छाप-काटे सांगितले, इनासने ताळा केला. सात बरोबर.

सी शादलींनी शिट्टी फुंकली. मांजरं भिंतीवरून खाली पडली.

"फक्त नशीबही असू शकतं, काका," इनास म्हणाली. "तीन-चार टक्के झोपाळू रेफरींना हे असंच जमलं असतं."

"तू मला नशीब म्हणतेस?"

"बरं, नाही म्हणत. मान्य, काहीतरी आहे. पण ही भिंत बघा." तिने खडूच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "पाण्याच्या दिवशी एकशे चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर. फूलपाण्याच्या दिवशी बाहत्तर, त्र्याहत्तर. दोन्हीकडे तुम्ही हमामच्याच पायरीवर उभे आहात."

"पण उतरलं ना?"

"काका..."

"निर्णय झालाय. ख्मैस, तुझं तोंड?"

"बंद," मी म्हणालो. शब्द म्हणजे शब्द. गोळीचं नाव काढायचं नाही.

त्या रात्री मी बराच वेळ कोंबडीचा विचार केला. बायकोने विचारलं तेव्हा खोटंही बोललो नाही, म्हटलं, कोंबडीचा विचार करतोय. ती कूस बदलून झोपली. तिला माझी सवय आहे.

शुक्रवारी बाजार भरला. बातमी आधीच पसरलेली, त्यामुळे गाजरं विकणारेही गाजरं सोडून वेशीपाशी जमलेले. सी शादली कॉफीवाल्याच्या पुढच्या खुर्चीत, ठेवणीतली लाल टोपी घालून, राजासारखे. शेजारी मावशी आणि इनास. आणि मी आलो तो माझी हातगाडी नव्हे, मोठी गाडी घेऊन. गाडगी काठोकाठ भरलेली. पुढे माझं गाढव, सुलतान. आणि सुलतानच्या शेजारी, नीट दोरीने जुंपलेली, काणी कोंबडी.

"हे काय रे?" सी शादली ओरडले. "दोरीने फिरवायची ठरली होती!"

"दोरी आहे की. दोरीचं दुसरं टोक कुठे बांधायचं, ते कुठे ठरलं होतं?"

"ही कोण, ख्मैस?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"ही आमच्या डॉक्टरीणबाई!" मी ओरडलो. इनासने डोक्यावरच्या रुमालाआड तोंड लपवलं. "गाडी ओढतायत!"

लोक खो खो हसले. कोंबडी खरंच चालत होती बरं का. मी पुढे दाणे टाकत होतो, दोरी ताणलेली होती.

"कोंबडी कसली ओढते?" सी शादली म्हणाले.

"ओढते, सी शादली. दोरी बघा, ताणलीय. शंका असेल तर इनासला सांगा, दोनशे गाड्या आणू, अर्ध्यांना कोंबडी लावू, अर्ध्यांना नाही, आणि मोजू. नक्की निघेल की कोंबडीवाल्या गाड्या केसभर जास्त गेल्या. रेषेच्या आत! गोल!"

त्यांचे डोळे बारीक झाले. गोळीचं नाव काढलं नव्हतं. मी फक्त कोंबडीबद्दल बोलत होतो.

"मग गाढव कशाला ठेवलंय?" गाजरवाल्याने हाळी दिली. "सोड की त्याला!"

"सोड! सोड!" सगळा बाजार ओरडायला लागला.

मी सी शादलींकडे पाहिलं. "रेफरी, सोडू?"

मी सुलतानचा पट्टा काढला. कुंभारओळीला वेशीपासूनच चढ आहे. गाडी क्षणभर थांबली, विचार केल्यासारखी, आणि हळूहळू मागे सरकायला लागली. कोंबडी पंख फडफडवत मागे ओढली गेली, एक गाडगं पडलं, फुटलं, आणि मग गाजरवाला, कॉफीवाला, मी, सगळे चाकांना भिडलो. दोरी कापली तेव्हा कोंबडी गाडग्यांच्या ढिगावर जाऊन बसली आणि आम्हा सगळ्यांना एका डोळ्याने शिव्या दिल्या.

लोकांचं हसणं थांबत नव्हतं. पण सी शादली हसत नव्हते. ते घसरलेल्या चाकांच्या खुणांकडे बघत होते, जसे ते उठल्यावर भिंतीकडे बघायचे. वारा सुटला होता, आणि गल्ल्यागल्ल्यांतून फुलांचा वास खाली बाजारात उतरत होता.

मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली. फुंकली नाही. काढून ठेवली आणि मावशीपुढे तळहात पसरला.

"दे ती."

"काय देऊ?" मावशी म्हणाली, पण हात आधीच एप्रनच्या खिशात गेला होता.

"सोंग करू नकोस. मी पाहिलं होतं तुला उचलताना."

त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, वर कॉफीचा घोट घेतला, आणि कप कॉफीवाल्यापुढे धरला. "यात फूलपाणी टाक. चांगलं भरून टाक. मला दुपारी झोपायचंय." मग माझ्याकडे वळून ओरडले, "आणि तू काय उभा राहिलायस? गाढव जुंप!"

"आणि कोंबडी?"

"कोंबडीही राहू दे," सी शादली म्हणाले. "गाडी नाही ओढत ती, पण मुनिराला तीच घेऊन येते."

मी सुलतानला जुंपलं, कोंबडीला नवी दोरी बांधली, आणि कुंभारओळीच्या टोकापर्यंत, सगळ्या बाजारासमोर, आमच्या डॉक्टरीणबाईंना फिरवून आणलं.