टॉवेलाखालची कॉन्टेसा

नाशिकजवळ मखमलाबादला भारत काकडच्या मळ्यात पत्र्याची एक शेड होती. तोडलेली फुलं ऊनपावसापासून वाचावीत म्हणून भारतच्या वडिलांनी, बहिरूतात्यांनी, ती उभारली होती. पण सात वर्षांपासून त्या शेडीत एक पांढरी कॉन्टेसा राहत होती आणि फुलं ओटीवर, पावसाच्या झडीत बसत होती.

गाडी साधीसुधी नव्हती. अठ्ठ्याऐंशी सालची, जपानी इंजिनाची, एका साखर कारखान्याच्या चेअरमनने वापरलेली. चेअरमनसाहेब तिच्यातून ओझरच्या सरळ रस्त्यावर ताशी एकशे साठने गेले होते असं भारत सांगे. साहेब आता हयात नव्हते, त्यामुळे त्यांचा वेग दरवर्षी थोडा थोडा वाढत होता. भारतने गाडी नव्व्याण्णव साली अडतीस हजारांना घेतली. तेव्हापासून तिने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे शेडीतून अंगणातल्या नळापर्यंत.

भारतच्या बायकोला, उज्वलाला, सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचे उपवास असत. भारतला रविवार होता. रविवारी तो अंघोळ करून, चपला बाहेर काढून शेडीत शिरायचा. गाडी मऊ फडक्याने पुसायचा, चार मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि डॅशबोर्डला उदबत्ती ओवाळायचा. एकादशी कोणती ते त्याला कधी आठवलं नाही, पण कुठल्या महिन्यापासून कंपनीने कॉन्टेसाच्या दिव्यांची काच बदलली ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

दहाच्या सुमाराला मंडळी जमत. रुद्र आहेर, कॉलेज रोडला फरशांचं दुकान असलेला. त्याच्याकडे दोन दारांची एक जुनी हेराल्ड होती, तीही उभीच. आणि राजाभाऊ निकम, बँकेतले. राजाभाऊंकडे गाडी नव्हती, मोटारींच्या मासिकांचे पंधरा वर्षांचे अंक होते, म्हणून गाड्यांच्या भावाबाबत त्यांचा शब्द सगळ्यांत जड. तिघं गाडीभोवती खुर्च्या टाकून बसत आणि जुन्या, पळणाऱ्या गाड्यांचे भाव कसे चढत चाललेत ते एकमेकांना सांगत. मुंबईला कोणीतरी काहीतरी कितीला दिली. पुण्याच्या पार्टीने कोणाला कोरा चेक दाखवला. ही मुंबईची आणि पुण्याची पार्टी मखमलाबादच्या कोणी कधी पाहिली नव्हती.

या बैठकीचा एक नियम होता. मागच्या रविवारपेक्षा कमी आकडा ज्याच्या तोंडून निघेल, त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची. नियम गमतीत झाला होता, पण पाळला गेला व्रतासारखा. दोन वर्षांत एकानेही मिसळ दिली नाही. अठरा रुपयांची मिसळ वाचवण्यापायी कॉन्टेसाचा भाव एकाआड एक रविवारी पाचदहा हजारांनी चढत राहिला, आणि दोन हजार सहाच्या श्रावणात तो तीन लाख दहा हजारांवर येऊन पोचला. तोवर गाडीला गिऱ्हाईक म्हणून कोणी हात लावला नव्हता.

उज्वला चहा करून आणायची, तेव्हा हे आकडे तिच्या कानावर पडत. तिचा हिशेब लहान होता. फुलं पहाटे गावातल्या लंकाबाईच्या जावयाच्या रिक्षाटेंपोतून बाजारात जायची. जावई झोपेतून उठेल तेव्हा निघे, वाटेत तिघांचा भाजीपाला घेई, आणि शेवंती बाजारात पोचेपर्यंत चांगलं गिऱ्हाईक हार ओवून घरी गेलेलं असे. ओटीवरच्या पाट्यांत पावसाचं पाणी गेलं की गुलाब काळे पडत ते वेगळंच. घरचा छोटा टेंपो घ्यायचा तर शोरूमवाला पहिले साठ हजार मागत होता, बाकी हप्त्याने. गणपतीच्या आधी तो आला तर वर्ष सुधारणार होतं. तिने भारतला एकदा म्हणून पाहिलं. त्याने शांतपणे समजावलं, की चढत्या भावात वस्तू विकणारा माणूस शहाणा नसतो. भाव उतरला की विकू का, असं तिने विचारलं, तर उतरत्या भावात तर मुळीच विकायची नसते, असं तो म्हणाला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी वणीच्या देवीपुढे हात जोडून तिने मनात म्हटलं, की ती गाडी शेडीतून हलेपर्यंत मी चहा घेणार नाही. ज्या घरात चुलीवरून चहाचं पातेलं उतरत नाही त्या घरात हे अवघड होतं. चार महिने ती सगळ्यांना चहा देत होती आणि स्वतः गरम पाणी पीत होती. कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा तसं तिला वाटत होतं.

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी मालेगावकडचे मंगळूअण्णा आले. त्यांचा बँड होता, आणि बँडबरोबर नवरदेवाला मिरवायला सजवलेल्या गाड्याही ते देत. कोणीतरी त्यांना या गाडीचं सांगितलं होतं. त्यांनी कॉन्टेसाभोवती एक फेरी मारली, मागची सीट दाबून पाहिली, छताला हात लावला.

"गाडी चांगली शे," ते म्हणाले. "पण उभी शे. पासष्ट देतो, रोख."

राजाभाऊंनी छातीवर हात ठेवला. रुद्रने मंगळूअण्णांना विचारलं, की ही गाडी तुम्ही झेंडूच्या माळा बांधून बँडच्या मागे, पायी चालणाऱ्या माणसांच्या वेगाने नेणार का. अण्णा हो म्हणाले. देवळात कोणी बूट घालून यावं तसं झालं होतं. मग भारतने भाव सांगितला, तीन लाख पंधरा. अण्णांनी मान हलवली. सायखेड्याला लेकीकडे आठ दिवस आहे, परतताना पुन्हा डोकावतो, असं म्हणून त्यांनी चहा संपवला आणि निघाले.

उज्वलाने कप उचलता उचलता हिशेब केला. साठाला पासष्ट म्हणजे टेंपो आणि वर ताडपत्री.

दुपारी ती तात्यांना चहा द्यायला गेली. तात्या ऐंशीला टेकलेले. उभं आयुष्य कोथिंबीर आणि मेथी बाजारात विकण्यात गेलेलं. त्यांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "कधीपासून सोडला?"

तिने बशी पुढे केली.

"घरात दिवसाला सात कप व्हायचे, आता पाच होत्यात. मी मोजतो ना पडल्या पडल्या."

"आखाजीपासून, तात्या."

तात्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "पुढच्या रविवारी एक धुतलेला टॉवेल काढून ठेव. मोठा."

पुढच्या रविवारी मंडळी जमली, मंगळूअण्णाही आले. भाव तीन लाख वीसवर गेल्याचं राजाभाऊंनी जाहीर केलं. तेवढ्यात तात्या काठी टेकत शेडीत आले, गाडीच्या बॉनेटला पाठ टेकून बसले आणि मांडीवर टॉवेल पसरला. तात्यांच्या तरुणपणी बाजारात भाव तोंडाने होत नसत. विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालत. घेणारा बोटं दाबून आकडा सांगे, कोणी कोणाचा आकडा पाहत नसे, आणि टॉवेल उचलला की ज्याचा आकडा मोठा त्याचा माल. मग बोलणं नाही. पुढे बाजार समितीने ते बंद केलं, पण तात्यांची बोटं विसरली नव्हती.

"गाडीला एवढा भाव हाय तर आज होऊन जाऊ दे," तात्या म्हणाले. "एक बोट म्हणजे दहा हजार. अर्धं बोट म्हणजे पाच. ज्याचं जास्त, त्याची गाडी. भारत, तुला कबूल हाय ना?"

भारतची अडचण झाली. नाही म्हणावं तर आपल्याच भावावर आपला विश्वास नाही असं दिसणार. शिवाय त्याच्या मनात आलं, की दोस्त खरा आकडा दाबतील, तात्यांना एकदाचं कळेल, आणि तीन लाखांची गाडी रुद्रकडे गेली तरी घरच्यासारखीच. त्याने सगळ्यांसमोर कबूल म्हटलं.

रुद्रने विचारलं, तीस बत्तीस बोटं आणायची कुठून.

"दाबत राहा. मी मोजतो."

राजाभाऊ पहिले. त्यांनी टॉवेलाखाली हात घातला आणि छताकडे पाहत राहिले. मिसळीचा नियम तोंडाचा होता, बोटांचा नव्हता, हे दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. त्यांचा हात फार लवकर बाहेर आला. रुद्रचाही तसाच आला, फक्त जाता जाता त्याने तात्यांच्या कानाशी लागून अर्धं बोट मागे घेता येईल का असं काहीतरी विचारलं. मंगळूअण्णांनी हात घातला, नमस्कार केल्यासारखी मान लववली आणि हात काढला.

उज्वला दारात उभी होती. तात्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"भारत, तूही घाल."

"मी कशाला? माझीच गाडी."

"घाल तर खरं."

भारतने हात घातला. त्याचा हात मात्र बराच वेळ आत राहिला. टॉवेल हलत नव्हता. मग तात्यांनीच आपला हात सोडवून घेतला, टॉवेल उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

"गाडी मंगळूअण्णाची," ते म्हणाले. "पासष्ट."

भारतने रुद्रकडे पाहिलं, रुद्रने राजाभाऊंकडे. रुद्रला वाटलं, आपण कमी दाबलं पण राजाभाऊंनी तरी साठ दिले असतील. राजाभाऊंना वाटलं, रुद्रने दिले असतील. भारत काही बोलणार एवढ्यात तात्यांनी विचारलं, "कोणी किती दाबलं ते सांगू का? तोंडाने?"

राजाभाऊ घाईने म्हणाले, की बाजाराची रीत मोडू नये, झालं ते योग्य झालं. रुद्र तर उभाच राहिला आणि मंगळूअण्णांना गाडी बाहेर काढताना मागची भिंत सांभाळा म्हणून सांगू लागला. दोन वर्षांत त्या शेडीत एवढं एकमत झालं नव्हतं.

अण्णांनी चालवायला माणूस आणला, चाकांत हवा भरून घेतली, आणि तिसऱ्या प्रहरी गाडी आपल्या पायांनी फाटकाबाहेर पडली. भारत फाटकापर्यंत चालत गेला. नळाच्या पुढे गाडी जाताना त्याने सात वर्षांत पहिल्यांदाच पाहिली.

रात्रीची भाकरी वाढताना उज्वलाने तात्यांना हळूच विचारलं. तात्या म्हणाले, राजाभाऊंचं एक बोट, रुद्रचं दीड. आणि यांचं, असं तिने विचारलं.

"दाबलं नाही. नुसता हात धरून बसला. पोरगा असताना बाजारात गर्दी झाली की धरायचा, तसा."

उज्वलाने भारतच्या ताटात न विचारता एक भाकरी जास्त टाकली.

टेंपो गुरुवारी आला. शुक्रवारी ती दोघं त्यातूनच वणीच्या गडावर जाऊन देवीला शेवंती वाहून आली. रविवारी शेडीत पाट्या ओळीने लागल्या होत्या, पण मधे गाडीएवढी जागा भारतने रिकामी ठेवली होती. दहाला मंडळी आली आणि त्या रिकाम्या जागेभोवती खुर्च्या टाकून बसली. राजाभाऊ म्हणाले, नाशिकमधून एक कॉन्टेसा कमी झाली म्हणजे भाव आता वर जाणार, साडेतीनच्या खाली बात नको. रुद्रने तीन साठ केले. भारत ऐकत होता. त्याचे डोळे चमकायला लागले होते.

उज्वलाने चहा दिला. स्वतःसाठी कप काढला होता, पण भरला नाही. गाडी हलली होती, नवस फिटला होता, तरी तिला वाटत होतं, ती अजून तिथेच उभी आहे.

तेवढ्यात शेजारच्या कमळाबाई टेंपोला कुंकू लावायला आल्या. टेंपो पाहून झाला. मग शेडीत डोकावून त्यांनी सहज विचारलं, "आन् ती पांढरी कितीला गेली रं भारत?"

राजाभाऊंचा कप हवेत थांबला. रुद्र भारतकडे पाहून मान हलवत होता, सावकाश, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. भारतची नजर रिकाम्या जागेवरून निघाली, ओल्या न झालेल्या गुलाबांच्या पाट्यांवरून सरकली आणि दारातल्या बायकोवर येऊन टेकली.

"पासष्ट हजारांना, मावशी."

"बरे आले की," कमळाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मग राजाभाऊ घसा खाकरून, जरा दुःखानेच म्हणाले, की नियम तो नियम. भारत उठला, पिशवी घेतली आणि मिसळ आणायला निघाला. जाताना त्याने एक पाटी उचलून रिकाम्या जागेत ठेवली.

उज्वलाने कप भरला. उंबऱ्यावर बसून पहिला घोट घेतला. साखर जास्त लागली. चार महिन्यांत तिच्या जिभेची सवय सुटली होती. तिने दुसरा घोट घेतला.

बाहेर रुद्र टेंपोभोवती फिरत होता. दरवाजावर टिचकी मारून पाहत होता. "वहिनी," तो म्हणाला, "हे मॉडेल निघाल्याला जेमतेम वर्ष झालंय. पहिल्या बॅचमधलं दिसतंय. जपून ठेवा, याला पुढे..."

उज्वलाने कप खाली ठेवला, खिळ्यावरची टेंपोची किल्ली काढली आणि कमरेला खोचली.