शेऱ्याचा रकाना

पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत पाच रकाने असतात: तारीख, वेळ, पाऊस मिलिमीटरमध्ये, हंगामातला एकूण आणि शेवटी शेरा. त्या वर्षी एकवीस जुलैपर्यंत माझ्या शेऱ्याच्या रकान्यात एकही शब्द नव्हता. पावसाच्या रकान्यात सतरा दिवस शून्य होतं, आणि शून्यावर शेरा काय मारणार?

नांदेडला बी.एस्सी. करून मी गव्हाळीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, तेव्हा शाळेच्या आवारातला मापक आपोआप माझ्याकडे आला. रोज सकाळी साडेआठला आकडा घ्यायचा. मी रेडिओवर घड्याळ लावायचे आणि एक मिनिटही पुढे-मागे होऊ द्यायचे नाही. गावात त्यावरून हसायचे. मी सरजाबाईंच्या घरी भाड्याने राहत होते. त्यांचा मुलगा भीमा बावीस वर्षांचा, रोजगार हमीच्या कामावर जायचा.

शनिवारी संध्याकाळी भीमाने पाण्याचा टँकर अडवला. गावासाठी आलेलं पाणी सरपंचांच्या मोसंबीच्या बागेत उतरत होतं. त्याने चावी काढली आणि ग्रामसेवकाच्या हातात नेऊन दिली.

रविवारी साडेआठला मी मापकाजवळ होते. भीमा शाळेच्या ओट्यावर झोपला होता, घरात उकडायचं म्हणून. पोलिसांची जीप आवारात आली. हवालदार गुंजोटे उतरले.

"भीमा कोण? चल. साहेबांनी बोलावलंय. अर्ध्या तासात परत आणून सोडतो."

दोघांनी त्याला दंडाला धरून मागे बसवलं. मी बघत राहिले. मग जीप मागे घेताना मापकाच्या कुंपणाचा खांब आडवा झाला आणि मी ओरडले. भीमाला नेताना मी ओरडले नव्हते, हे मला नंतर कळलं.

"अहो, मापकाला धक्का लागला असता!"

"पाऊस कुठंय बाई मोजायला?"

"तरी नोंद करावी लागते. सही लागेल तुमची."

मी लिहिलं: '८.३४. पोलीस जीप मागे घेताना पूर्वेकडचा खांब पडला. मापकाची पातळी तपासली, फरक नाही.' गुंजोटे हसत हसत वाकले आणि खाली सही करून बिल्ल्याचा नंबरही टाकला. "घ्या. तुमच्या पावसाला आमची सही."

भीमाचं नाव मी लिहिलं नाही. त्याचा पावसाशी संबंध नव्हता.

दुपारपर्यंत तो आला नाही. तीन वाजता मी आणि सरजाबाई ठाण्यावर गेलो. ठाणे अंमलदाराने वर न बघताच विचारलं, "भीमा? असा कुणी हितं न्हाई. जीप तर कालपासून गॅरेजात हाय."

"माझ्या डोळ्यांसमोर नेला," मी म्हणाले.

"आन् गव्हाळी आमच्याकडं कवापासून? तुमचे कागद अजून उस्मानाबादेतच हायत. तिकडं इचारा."

पायरीखाली एक चप्पल पडली होती, टायरच्या तळाची, डाव्या पट्ट्याला तार गुंडाळलेली. ती तार आठवड्यापूर्वी सरजाबाईंनीच गुंडाळली होती. त्या चपलेकडे बघत उभ्या राहिल्या, पण उचलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "उचलली असती तर तीबी गेली असती."

सोमवारी आम्ही उस्मानाबादला गेलो. लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं होत आली होती, तरी कोर्ट म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाचे पाय अजून उस्मानाबादकडेच वळायचे. मीही पोलिसाच्या तोंडावर विश्वास ठेवला, नकाशा पाहिला नाही. तिथल्या कारकुनाने गावाचं नाव ऐकून वही मिटली. "तुम्ही आता लातूरचे. दोन वर्षं झाली की हो." एक दिवस गेला. त्यातही सकाळी आकडा घेतल्याशिवाय मी निघाले नव्हते. सरजाबाई फाट्यावर उन्हात उभ्या होत्या आणि बसमध्ये माझ्यापासून लांबच्या बाकावर बसल्या.

संध्याकाळी पाचला लातुरात ईश्वरप्पा वकिलांच्या घरी पोचलो. त्यांनी सगळं ऐकलं.

"अटक केल्यापासून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. संविधानाचं बाविसावं कलम आहे."

"बाबासाहेबानं लिवलं ते खरंच हाय," सरजाबाई म्हणाल्या, "पर त्या ठाण्यात कोन वाचलंय?"

"तीच अडचण आहे, आई. चोवीस तास मोजायचे कधीपासून? ते म्हणतील, आज धरला. उद्या आणतील आणि पोलीस कोठडी मागतील. ती मिळाली तर परत त्याच ठाण्यात."

मी पिशवीतून नोंदवही काढली. वकिलांनी रविवारची ओळ दोनदा वाचली, सहीवर बोट फिरवलं.

"भीमाचं नाव कुठं आहे?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "बरं. उद्या अकराला कोर्टात या. वही आणा."

मंगळवारी साडेआठचं शून्य लिहून आम्ही पावणेनऊची एसटी धरली. मुरुड गेल्यावर सरजाबाईंनी माझ्या मांडीवरची वही स्वतः उघडली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पान बरोबर सापडलं. शाई असलेला शेवटचा रकाना तेवढा एकच होता.

"बाई, हितं बोटभर जागा हाय. ह्या लिवलेल्याच्या खाली, त्या मेल्याच्या सहीच्या वर."

"आहे."

"लिवा की मग. भीमाला नेलं म्हनून लिवा. खोटं तर न्हाई?"

"खोटं नाही. पण सही झाल्यावर लिहिता येत नाही."

"कोन बघून राहिलंय?"

माझ्या पिशवीत तेच पेन होतं. शाईही तीच. एक ओळ सहज मावली असती. मी वही मिटली, आणि तिच्यावर दोन्ही हात दाबून बसले.

"तुमचा खांब मोडला तवा सही घ्यायचं सुचलं," सरजाबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या. "माझं पोर गेलं तवा न्हाई सुचलं."



अकरा वीसला भीमाला आत आणलं. तो पायांत काही नसताना चालत होता आणि उजवा हात पोटाशी धरून होता. आईकडे त्याने पाहिलं नाही. सरकारी वकिलांनी अर्ज वाचला: सोमवारी संध्याकाळी सात वाजता मुरुडच्या बसस्थानकावर अटक, सरकारी कामात अडथळा, चावीची चोरी, आणखी साथीदार शोधायचे आहेत, सात दिवसांची पोलीस कोठडी द्यावी.

मॅजिस्ट्रेट तरुण होते, आवाज बारीक. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" त्यांनी भीमाला विचारलं.

गुंजोटे त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. भीमा म्हणाला, "न्हाई, साहेब."

सरजाबाईंनी पदर तोंडात कोंबला. ईश्वरप्पा वकील उठले. "साहेब, रविवारी पोलीस गावात होते का, एवढं हवालदारांना विचारावं."

"नव्हतो, साहेब," गुंजोटे लगेच म्हणाले. "जीप शनिवारपासून दुरुस्तीला होती. स्टेशन डायरीत नोंद हाय. सोमवारपर्यंत गव्हाळीत कुणी गेलं न्हाई."

मग वकिलांनी वही पुढे दिली. मला उभं केलं, शपथ दिली, नाव विचारलं.

"प्रयागा शेषेराव वाघमारे. शिक्षिका. पर्जन्यमापकाचा आकडा मी घेते."

मॅजिस्ट्रेटनी ओळ वाचली. सरकारी वकील जवळ आले, त्यांनीही वाचली आणि जरा हसले. "यात आरोपीचं नाव आहे का?"

"नाही."

"अटकेचा उल्लेख?"

"नाही. खांबाचा आहे."

"म्हणजे या वहीचा या प्रकरणाशी संबंध काय?"

मी काही बोलणार तेवढ्यात मॅजिस्ट्रेटनी पान उजेडाकडे धरलं आणि सहीच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. पंखा बंद होता. 

"इथे एक ओळ मावली असती," ते मला म्हणाले.

"हो, साहेब."

"लिहावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. आज सकाळी बसमध्ये. पण सहीनंतर लिहिलं असतं तर ती नोंद राहिली नसती. तेव्हाच लिहायला हवं होतं. माझी चूक आहे."

त्यांनी वही खाली ठेवली, हवालदारांकडे वळवली. "ही सही कुणाची?"

गुंजोटेंनी वाकून पाहिलं. रविवारी वाकले होते तसेच. यावेळी सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

"माझी दिसती, साहेब."

"बिल्ल्याचा नंबर?"

"माझाच."

"तारीख बावीस. वेळ आठ चौतीस. दुरुस्तीला असलेल्या जीपने शाळेतला खांब पाडला. कोण चालवत होतं?"

गुंजोटेंनी सरकारी वकिलांकडे पाहिलं.

"आरोपीला इकडे आणा. तुम्ही नाही, हवालदार. तुम्ही दाराबाहेर थांबा."

दार लागल्यावर त्यांनी भीमाला पुन्हा तोच प्रश्न विचारला. भीमाने आधी दाराकडे पाहिलं, मग आईकडे. मग उजवा हात पोटापासून काढून टेबलावर ठेवला. बोटं सुजून काळी पडली होती. मूठ मिटत नव्हती.

"रविवारपासून, साहेब," तो म्हणाला.

मी मनात मोजलं: रविवारी आठ चौतीसपासून त्याला आत आणेपर्यंत पन्नास तास सेहेचाळीस मिनिटं.

पोलीस कोठडीचा अर्ज फेटाळला. भीमाला आधी सरकारी दवाखान्यात नेऊन तपासायचं, मग जातमुचलक्यावर सोडायचं, ठाण्याने स्टेशन डायरी दोन दिवसांत हजर करायची. खटला मात्र राहिला. पुढची तारीख चौदा ऑगस्ट. "गुंजोटे तोवर गप्प बसायचा नाही," वकील हळू आवाजात म्हणाले. "सरपंचही नाही. तयारीत राहा."

वही कोर्टाने ठेवून घेतली. मी जागची हलले नाही.

"आता काय?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"पोच हवी, साहेब. नोंदवही सरकारी आहे. आणि उद्या साडेआठला आकडा घ्यायचाय."

त्यांनी कारकुनाला पोच लिहायला सांगितली. वर शिक्का आणि तारीख. मी वेळही घालायला लावली.

संध्याकाळच्या बसमध्ये भीमा खिडकीशी बसला, हाताला पट्टी, पायांत ईश्वरप्पा वकिलांनी दिलेल्या जुन्या वहाणा. सरजाबाई आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या. मुरुड आलं. मग त्यांनी हात पुढे केला.

"तो कागद दावा."

मी पोच दिली. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला, कागदाची घडी घालून तो आपल्या चंचीत ठेवला.

"माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या. तुमच्या खोलीला धड कडी न्हाई." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आन् उद्या आकडा ज्या वहीत लिवाल, तिच्यात दुसरी वळ माझी. ठाण्याच्या पायरीखाली चप्पल हाय म्हनून लिवा. सही मी आंगठ्यानं करते. आधी लिवा, मग आंगठा."

"ते पावसाच्या वहीत बसत नाही," मी म्हणाले. "पण कोरी वही आहे माझ्याकडे. रकाने आखू."