वावटळबाईचं मोल

कापूस वेचून घरात आला की भाग्यश्रीच्या घरची पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी होऊन जायची, आणि गाडी भरून तो बाजारात जाईपर्यंत त्या डोंगरावर चौघांचं राज्य असायचं. गुडीहत्नूरच्या हायवेवरून आत वळलेल्या त्या लहानशा गावात दहावीच्या मुलांना रविवारी दुपारी करण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतंच. नागसेनचा मोठा भाऊ हैदराबादला शिकायला होता. सुट्टीत येताना त्याने वीस बाजूंचा निळा फासा आणला होता आणि मोबाईलमध्ये खेळाचे नियम. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि पुढे काय होईल ते कुणालाच ठाऊक नसेल तिथे फासा टाकायचा. कापसात फासा बुडून जायचा, म्हणून ते तो परातीत टाकत.

गोष्ट सांगायची मयूरी. वर्गात ती हजेरीलासुद्धा इतक्या हळू ओ द्यायची की सर मान वर करून पुन्हा विचारत. पण कापसावर मांडी घालून बसली की तिच्या हलक्या आवाजातून किल्ले उभे राहत, नद्यांना पूर येत, आणि तिघं श्वास रोखून ऐकत. पंकज तिला मास्तरीन म्हणून चिडवायचा. तिला ते आवडायचं. आठवड्यातले बाकीचे दिवस ती त्या एका दुपारच्या आशेवर काढत असे.

त्याच दुपारांमध्ये आता भांडण शिरलं होतं. भाग्यश्री झाली होती जादूगारीण, नाव वावटळबाई, आणि ती इतकी ताकदवान होऊन बसली होती की पंकजच्या योद्ध्याने तलवार उपसेपर्यंत शत्रूची राख झालेली असायची. मयूरीने सगळे उपाय करून पाहिले. शत्रू वाढवले, शत्रूंना जादू दिली, मंत्र चालत नाहीत अशी काळ्या दगडाची गुहा रचली. वावटळबाईने गुहेच्या बाहेर उभं राहून डोंगरच उचलला. दिवसाला ठरावीक मंत्र असा नियम केला, तर ती प्रत्येक लढाईनंतर झाडाखाली झोप काढून ताजीतवानी व्हायची.

"मले बोलावता काऊन मंग?" एका रविवारी पंकज उठून उभाच राहिला. "तिनं एक मंतर म्हटला का लढाई खतम. मी काय बाईचा थैला उचलाले येतो का?"

"थैला तरी नीट उचलत जा बे," भाग्यश्री म्हणाली, आणि नागसेन हसता हसता कापसात लोळला. पंकज हसला नाही. पुढच्या रविवारी येत नाही म्हणाला. तो गेला की नागसेन जाणार, आणि मग कापसाच्या डोंगरावर कुणी कुणाला काही सांगणार नाही, हे मयूरीला स्वच्छ दिसलं.

आठवडाभर विचार करून तिने नवा नियम आणला. मोठा मंत्र फुकट नाही. दर मंत्राला वावटळबाईने स्वतःजवळचं काहीतरी कायमचं द्यायचं. दिल्याची खूण म्हणून कापसातली एक सरकी मापट्यात टाकायची. ज्वारी मोजायचं ते पितळी मापटं त्याच खोलीत कोनाड्यात असायचं. पंकजला नियम एकदम पसंत पडला आणि रविवारी तो परत आला. भाग्यश्रीही खूश झाली. जोखीम असल्याशिवाय तिला मजाच यायची नाही.

पहिल्याच लढाईत ती म्हणाली, "माही शिट्टी देते." दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की नाल्यापलीकडच्या शेळ्या मान वळवत, तीच तिने वावटळबाईच्या नावावर खर्ची घातली. मयूरीने सरकी उचलली, आणि मापट्यात टाकताना तिच्या तोंडून सवयीने निघालं, "लाभ." धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात, मग दोन, मग तीन. ती लहानपणापासून हेच ऐकत आली होती. फासा परातीत खणखणला, वीस पडले, आणि चौघंही ओरडले.

आत ज्वारी निवडत बसलेल्या जयवंताबाई, भाग्यश्रीच्या आई, दारापर्यंत आल्या. "लाभ तू काऊन म्हणून राह्यली, माय?" त्या मयूरीला म्हणाल्या. "ज्याचं घर, त्यानंच मोजा लागते. मोजनाऱ्याच्या घरी राह्यते लाभ." रागाने नाही, चूक सुधारावी तशा म्हणाल्या, आणि परत गेल्या. मयूरीने मान हलवली. पण मापटं तिच्याचजवळ राहिलं, कारण खेळाची मास्तरीन तीच होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात भाग्यश्रीने बोटं तोंडात घातली तर नुसती हवा निघाली. थंडीने ओठ फुटले असतील, असं म्हणून ती हसली. संध्याकाळी तुरीच्या वावराजवळून एकटी घरी जाताना मयूरीने, उगीचच, दोन बोटं तोंडात घातली. शिट्टी अशी निघाली की तुरीतून पाखरांचा थवाच्या थवा उठला. भीती वाटायच्या ऐवजी तिने हसत पुन्हा एकदा शिट्टी मारली.

त्यापुढच्या रविवारी नदी अडवण्यासाठी वावटळबाईने आपला धीटपणा दिला. मयूरी लाभ म्हणाली. दर मंत्राची मोजणी नवी असायची, त्यामुळे ती कधी दोनपर्यंत जातच नसे. त्या आठवड्यात सरांनी फळ्यावरचं गणित कोण सोडवतं म्हणून विचारलं तेव्हा मयूरीला कळलं की ती उभी आहे. खडू तिच्या हातात करकरत चालत होता, ती मोठ्याने पायऱ्या सांगत होती, आणि सगळा वर्ग वळून बघत होता. भाग्यश्री तेवढी बाकाच्या लाकडाकडे बघत होती. हजेरीला तिने दिलेली ओ सरांना दोनदा ऐकू आली नव्हती.

मयूरीची नजर तीक्ष्ण होती; भाग्यश्रीचं जे जातं ते आपल्याकडे येतं, हे तिला कळलं नाही असं नाही. त्या आठवड्यात तिने ठरवलंही की मोलाचा नियम मोडायचा. जादू आवरायचे दुसरे मार्ग आहेत, मंत्र चुकू शकतो, मंत्राला वेळ लागू शकतो, आणि काही नाही तर मास्तरीन सरळ नाही म्हणू शकते. मापट्यातल्या सरक्या ती परत कापसात टाकणार होती. वाटेवर तिने ती वाक्यं पाठसुद्धा केली.

पण त्या रविवारी खेळ असा रंगला की तसा आधी कधीच रंगला नव्हता. दरीच्या तोंडाशी आग ओकणारा राक्षस उभा होता, पंकजचा योद्धा त्याच्या पंजाखाली सापडला होता, आणि मयूरीचा मोकळा, भरदार आवाज खोलीभर फिरत होता. पंकज गुडघ्यांवर आला होता, नागसेन नखं खात होता. सगळ्यांनी वावटळबाईकडे पाहिलं. भाग्यश्री आता फार बोलत नसे. तिने कापसाचा एक पुंजका हातात फिरवला, आणि खेळात काय द्यायला उरलंय याचा खरोखरच विचार करत असावी तशी खोलीभर नजर फिरवली, कोनाडा, परात, दारातून दिसणारं अंगण.

"माहं घर देते," ती हळू आवाजात म्हणाली.

पंकजने आनंदाने परात पुढे सरकवली. सरकी मयूरीच्या चिमटीत होती. 'नाही' हा एक शब्द पुरे होता, आणि तो तिने पाठ केलेला होता. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. असे डोळे आयुष्यात कधी तिच्याकडे लागले नव्हते.

"लाभ," मयूरी म्हणाली.

फासा परातभर धावला, उभा राहिला, आणि वीसवर पडला. पंकज आणि नागसेन एकमेकांच्या गळ्यात पडले, कापूस छतापर्यंत उडाला, राक्षस कोसळला, योद्धा वाचला, आणि त्या गोंधळात जयवंताबाईंनी आतून लेकीला हाक मारली, "भागी, चहा ने व."

"आली, आई," मयूरी म्हणाली.

ती ढिगावरून उतरून आत गेलीसुद्धा. उंबऱ्याशी झिजलेली पायरी तिने न बघता ओलांडली, कप कुठल्या फळीवर आहेत ते तिच्या हाताला ठाऊक होतं. जयवंताबाईंनी चहा ओतता ओतता तिच्या केसांतला कापूस काढला आणि बाहेर नजर टाकली.

"थ्या पोरीले चहा दे अन् वेशीपर्यंत सोडून ये," त्या म्हणाल्या. "तिची माय वाट पाह्यत असन."

मयूरीने हसतच मान हलवली. ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा भाग्यश्री दारात उभी होती, पाहुण्यासारखी अंग चोरून, आणि मयूरीच्या चपला पायात घालत होती. त्या तिला बरोबर बसल्या.