गवतकापणीचा ट्रेलर ओढणारी म्हातारी

इंजिन गार होतंय तेवढ्यात बोलून घेते, मग कदाचित वेळ मिळणार नाही. मी एक एसयूव्ही आहे, आणि जुनी आहे हे मला कुणी सांगायला नको. माझा रंग कधीकाळी गर्द हिरवा होता, आता छतावरचा पार उडालाय. मागचा एक दरवाजा बाहेरून उघडत नाही. पण किल्ली फिरवली की पहिल्या हाकेला ओ देते. केंटकीच्या या डोंगरांत एवढं पुष्कळ झालं.

माझी सुरुवात मोठी थाटाची होती. लेक्सिंग्टनच्या एका दंतवैद्याच्या बायकोनं मला घेतलं, कारण उंच बसून बाकीच्यांकडे खाली बघत गाडी चालवायला तिला आवडायचं. मी पोरांना मैदानावर न्यायची, आणायची. त्यांच्या तळलेल्या बटाट्यांचे तुकडे अजून माझ्या सीटखाली कुठंतरी असतील. त्या घरात माझं कौतुक फार झालं, पण काम काही झालं नाही. माझ्या पाठीमागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा आहे, त्यावरचं रबरी टोपण तिथं एकदाही निघालं नाही.

मग घरात नवी गाडी आली आणि मी विक्रीच्या मैदानात, झेंड्यांच्या माळांखाली जाऊन बसले. माणसं यायची, टायरला लाथ मारायची आणि निघून जायची. टायरला लाथ मारून यांना नेमकं काय कळतं हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही.

क्लोव्हिस स्टिडमनं लाथ मारली नाही. तो सरळ वाकला, टोपण काढलं आणि गोळ्यावरून अंगठा फिरवला. "रीना, हा कोरा करकरीत आहे बघ," तो बायकोला म्हणाला.

"गोळा कोरा आहे म्हणून गाडी घ्यायची होय रे?" रीना म्हणाली. तरी त्यांनी मला घेतलं.

क्लोव्हिस ज्या कारखान्यात उभं आयुष्य राबला तो बंद पडला होता. साठीकडे झुकलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देणार? त्यानं एक ट्रेलर घेतला, हातानं ढकलायची दोन यंत्रं घेतली आणि लोकांच्या अंगणातलं गवत कापायला सुरुवात केली. पहिल्यांदा ट्रेलर माझ्या गोळ्यावर बसला, कडी खटकन लागली, आणि मला जे वाटलं ते सांगायला मी लाजणार नाही. मला आनंद झाला. आपण कशासाठी जन्मलो ते कळायला मला फार उशीर झाला होता.

आता आमच्याकडे गवत कापणारा माणूस म्हणजे पिकअपवालाच असतो. एसयूव्हीला ट्रेलर जोडून फिरणारा दिसला की लोकांना चेव येतो. गार्लंड नावाचा एक गडी आहे, त्याच्याकडे चकचकीत पिकअप आणि हाताखाली माणसं. पेट्रोल भरताना भेटला की हटकून विचारायचा, "काय क्लोव्हिस, पोरांना शाळेत सोडायला निघालास, की गवत कापायला?"

"आधी तुला शाळेत सोडतो, चल बस," क्लोव्हिस म्हणायचा. तेव्हा त्याच्या तोंडी उत्तरं असायची.

त्याच्या सगळ्या कामांत त्याला एक काम जिवापाड प्रिय होतं, टेकडीवरच्या दफनभूमीचं. त्याचे आईबाप तिथं आहेत, आजाआजी तिथं आहेत. त्याच्या बापानं ते गवत विळ्यानं कापलेलं होतं. तिथला सगळा कारभार मिस इमोजीन बघतात; आमच्याकडे लग्न झालेल्या म्हाताऱ्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात. ऐंशी उलटली, पण नजर अशी की एका थडग्याकडेला चार काड्या राहिल्या तरी बोट दाखवतील.

दुसऱ्या वसंतात क्लोव्हिसनं वर बसून चालवायचं मोठं यंत्र घेतलं, आणि आमचे वाईट दिवस सुरू झाले. तो ते यंत्र फळीवरून ट्रेलरवर चढवायचा आणि चढवलं तिथंच, अगदी मागच्या कडेला उभं करायचा. पुढं नेलं तर उतरवताना मान वळवून उलटं यावं लागतं, आणि त्याची मान वळत नाही. मागेच ठेवलं की पोचल्याबरोबर सुर्रकन खाली. या युक्तीचा त्याला मोठा अभिमान होता.

पण ट्रेलरच्या ढुंगणावर एवढं वजन बसलं की त्याचं तोंड वर उठतं. ते तोंड माझ्या गोळ्यात अडकलेलं, म्हणजे माझी पाठही उचलली जाणार. माझी मागची चाकं जमिनीला धड टेकायचीच नाहीत. उतार लागला की ट्रेलर डावीउजवीकडे झुलायला लागायचा आणि मलाही हिसके द्यायचा. मी जीव खाऊन सरळ राहायची. आणि आत क्लोव्हिस घामाघूम होऊन म्हणायचा, "म्हातारी झाली ही. हिच्यात आता दम नाही."

माझ्यात दम होता हो! मागे जाऊन एकदा बघ ना, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण आम्हा गाड्यांना एक भोंगा तेवढा दिलाय, आणि तोही माणसानं दाबला तर.

त्यानं माझे टायर बदलले, स्प्रिंगा तपासून घेतल्या, काही फरक पडला नाही. तो हळू चालवायला लागला, मागे गाड्यांची रांग लागायची. पुढं पुढं तर उतार टाळायला तो लांबचा फेरा घ्यायचा. एकदा रीनाला म्हणाला, "गाडीला कशाला बोलायचं, मीच उरलो नाही कामाचा." रीना खिडकीबाहेर बघत राहिली. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मे महिना आला. आमच्याकडे डेकोरेशनचा रविवार म्हणजे सणच. दूर गेलेली माणसं परत येतात, थडग्यांवर फुलं वाहतात आणि तिथंच झाडांखाली टेबलं मांडून सगळी मिळून जेवतात. त्याआधी गवत कापलेलं हवं. क्लोव्हिस त्याच तयारीला निघाला आणि दफनभूमीच्या वळणावर ट्रेलरनं असा हिसका दिला की मी अर्धी चरात गेले. कुणाला लागलं नाही. पण मिस इमोजीन फाटकात उभ्या होत्या.

"क्लोव्हिस पोरा," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईशेजारी तुला इतक्यात जागा द्यायची माझी तयारी नाही. शनिवारी दुपारपर्यंत गवत कापून झालं तर ठीक. नाहीतर मी गार्लंडला बोलावते, आणि मग पुढंही तोच करील."

"होईल, मॅडम," क्लोव्हिस म्हणाला. पण घरी आल्यावर त्यानं माझ्या काचेत 'विकणे आहे'ची पाटी लावली. शनिवारी हे एवढं काम उरकायचं, मग ट्रेलर, यंत्र आणि मी, सगळंच काढून टाकायचं, असं त्यानं रीनाला सांगितलं.

शनिवारी सकाळी त्यानं नेहमीसारखं यंत्र मागच्या कडेला चढवलं. तेवढ्यात रीना अंगणातून ओरडली, "अरे, आणि टेबलं कुठं ठेवू? माझ्या डोक्यावर?"

यंदा जेवणाची टेबलं न्यायची पाळी रीनाची होती. चर्चवाल्यांनी अंगणात आणून टाकलेली ती लांबलचक लाकडी टेबलं, माझ्या पोटात काही मावणार नव्हती.

"आजच न्यायला हवीत का?"

"नाही, पुढच्या वर्षी नेऊ! उद्या लोक काय थडग्यांवर बशा ठेवून जेवणार? ते तुझं सिंहासन पुढं सरकव."

"मग उतरवताना मला उलटं यावं लागेल."

"ये की उलटा. मी बघते मागे. मला मान आहे अजून."

पुटपुटत पुटपुटत त्यानं यंत्र पुढं घेतलं, पार ट्रेलरच्या चाकांच्या पुढं. मागे टेबलं रचली. आणि माझ्या गोळ्यावर भार आला, चांगला, भरीव भार. मागची चाकं रस्त्याला घट्ट टेकली. कितीतरी दिवसांनी मला जमीन लागली!

रीनाचं बटाट्याच्या सॅलडबद्दल चाललं होतं. तिच्या बहिणीनं मागल्या वर्षी त्यात साखर घातली होती, ते ती विसरली नव्हती. उतार आला. क्लोव्हिसनं श्वास रोखला, बोटं आवळली. मी सरळ गेले. वळण आलं, तेच चराचं. मी सरळ गेले. वर टेकडीच्या खडीवरसुद्धा चाक घसरलं नाही.

क्लोव्हिसनं मध्येच गाडी थांबवली.

"काय झालं?" रीना घाबरून म्हणाली.

"काही नाही झालं. तेच तर!" तो उतरला. माझ्या मागे आला, गोळ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, परत गोळ्याकडे. मग खडीवर मटकन बसला आणि हसत सुटला. "रीना, गाडीत काही दोष नव्हता गं. माझ्यातही नव्हता. मी गाढव, वजन मागे ठेवत होतो!"

"गाढव आहेस ते मला लग्नापासून माहीत आहे," रीना म्हणाली. पण तिनं डोळे पुसले, ते मी आरशात पाहिलं. मग तिनं काचेतली पाटी काढली आणि चुरगळून टाकली.

दुपारच्या आत गवत कापून झालं. मिस इमोजीन काठी टेकत एकेका ओळीतून हिंडल्या, वाकून वाकून कडा बघितल्या. बोट कुठंच दाखवलं नाही. शेवटी त्या आपल्या नवऱ्याच्या थडग्यापाशी थांबल्या. शेजारी मोकळी जागा होती.

"हे बघ पोरा," त्या काठीनं ती जागा दाखवत म्हणाल्या, "ही माझी. इथलं गवत तूच कापायचंस. गार्लंडची पोरं धसमुसळी आहेत, मला झोपू द्यायची नाहीत. तेव्हा ही गाडी विकायचं नावही काढू नकोस, रीनानं सांगितलंय मला सगळं."

क्लोव्हिसनं टोपी काढली. "कापीन, मिस इमोजीन," तो म्हणाला.

तेव्हापासून मी याच दारात आहे. यंत्र पुढंच ठेवलं जातं, रीना मागे उभी राहून ते उतरवून घेते आणि दोघं रोज भांडतात. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या दारात कुणी जुनं झालेलं डगमगत असेल, तर पाटी लावण्याआधी मागे जाऊन त्याचं ओझं कुठं ठेवलंय ते एकदा बघा.

चला, कडी लागली, निघायला हवं. मिस इमोजीन अजून ठणठणीत आहेत. आम्ही टेकडीवर पोचलो की त्या आधी येऊन त्या मोकळ्या जागेवर खुर्ची टाकून बसलेल्या असतात, आणि क्लोव्हिस यंत्र घेऊन आला की पाय तेवढे वर उचलतात.