करंट आणि करंटी

वैष्णवीला बघायला आजवर चार स्थळं येऊन गेली होती आणि चारही पोरांना तिनं मनातल्या मनात नापास केलं होतं. पाचवा, विंझरचा गोरख, मात्र पहिल्याच नजरेत पास झाला. पोह्यांची बशी घेताना तो चक्क "थँक्यू" म्हणाला. भोंगवलीत बघायला आलेल्या पोरानं पोह्यांचे आभार मानल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

माशी शिंकली ती पाया पडताना. जानेवारीतली कोरडी ठणठणीत हवा, अंगावर चुलतीची पॉलिस्टरची साडी, बसायला प्लॅस्टिकची खुर्ची आणि पायाखाली प्लॅस्टिकचीच चटई. दहा मिनिटं वैष्णवी लाजून नुसती चुळबुळत होती. मग उठली, गोरखच्या आत्याच्या, म्हणजे धोंडाबाईंच्या पायाला हात लावला, आणि 'चट्'!

"आगं आयाऽ!" धोंडाबाई किंचाळल्या. "पोरीला करंट हाय!"

बाहेर अंगणात गोरखचे मामा गेनबा तंबाखू मळत बसले होते. सोयरिकीत शेवटचा शब्द त्यांचा. ऐकायचं मात्र एकाच कानानं, तेही निम्मं. त्यांना ऐकू आलं, "पोरगी करंटी हाय."

"आत्याच म्हंती करंटी, मग बसायचं कशाला? गाडी काढा," म्हणत त्यांनी टोपी चढवलीसुद्धा.

आत वैष्णवीनं ते ऐकलं. 'करंटी' हा शब्द एकदा किकवीच्या एसटी थांब्यावर पोचला, की सहावं स्थळ फिरकणार नव्हतं. आणि तिला सहावं नकोच होतं, हाच हवा होता! बीएस्सी केलं ते काय लोणच्याला घालायला? पदर खोचून ती थेट अंगणात गेली.

"मामा, करंटी न्हाई, करंट! तुमचा कंगवा द्या बरं."

डोक्यावर केस नावापुरतेच, पण गेनबांच्या खिशात कंगवा असायचाच. तिनं तो आपल्या केसांतून खसाखसा फिरवला, पेपरचे बारीक कपटे फाडले आणि त्यांच्याजवळ धरला. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटले.

"दोन वस्तू घासल्या की एकीवर एक भार येतो, दुसरीवर त्याच्या उलटा. सारखे भार एकमेकांना ढकलतात, उलटे ओढून घेतात."

"मंजी जावा-जावांचं पटत न्हाई, तसं?"

"अगदी तसंच."

गेनबांनी कंगवा उलटासुलटा करून पाहिला. "मग पड माझ्या पाया. करंट बसला तर सोयरीक पक्की. न्हाई बसला, तर आत्या म्हंती त्येच खरं."

ती वाकली. काही नाही. पुन्हा वाकली. तरी काही नाही. दारातल्या आईनं पदर तोंडाला लावला. वैष्णवीला आता रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात गोरख चहाचा कप ठेवून उठला आणि अंगणात आला.

"मामा, हितं कसा बसंल? अनवाणी सारवणावर उभ्या हायत त्या. सगळा करंट मातीत गेला. आत चटईवर या." मग वैष्णवीकडं वळून हळूच म्हणाला, "आन तुमी खुर्चीत बसून मगासारख्या लाजा जरा."

ह्या खेपेला तिला मुद्दाम लाजावं लागलं नाही.

ती उठली, वाकली, आणि 'चट्'! गेनबा हातभर उडाले. टोपी पडली. ती उचलायचंही भान न ठेवता ते अनवाणीच रस्त्यावर धावले आणि साऱ्या भोंगवलीला ऐकू जाईल असे ओरडत सुटले,

"साखर वाटा रं! पोरगी करंटी हाय! लई करंटी हाय!"